वॉर्डातल्या ताई आणि सात मासे

डॉक्टर दातांचे, आणि बाहेरच्या टेबलावर बसणाऱ्या ताई म्हणजे त्यांची सख्खी मोठी बहीण. तीस वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर चार दिवस घरी बसून कंटाळल्या आणि भावाच्या दवाखान्यात येऊन टेबल ताब्यात घेतलं. पहिल्याच आठवड्यात खुर्च्या एका रेषेत आल्या आणि पेशंट वेळेवर यायला लागले.

फक्त काचेच्या टाकीतले मासे ताईंचं ऐकत नव्हते. दोन एंजल, पाच मॉली. पेशंटची भीती जावी म्हणून डॉक्टरांनी हौसेनं आणलेले. पण पाणी दुधात पीठ कालवल्यासारखं दिसायचं, वासही मारायचा आणि मासे सारखे वर येऊन तोंड उघडायचे.

"भूक लागली असेल," डॉक्टर म्हणाले.

"भूक कसली! घाण आहे ती," ताई म्हणाल्या आणि त्यांनी पदर खोचला.

त्या सकाळी आत खुर्चीत एक पंपचालक बसला होता. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रावर काम करणारा, पन्नाशीचा, अबोल गडी. दाढेच्या भुलीचं इंजेक्शन नुकतंच दिलं होतं. अर्धा जबडा बधिर, गालात कापसाचा बोळा. खुर्चीतून बाहेरची टाकी सरळ समोर दिसायची.

ताईंनी मासे जुन्या पाण्याच्या टबात काढले. टाकी रिकामी करून काच चकचकीत घासली. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला. नळाला पाइप लावून टाकी काठोकाठ भरली आणि मासे आत सोडले.

"बघा! आता कसं ऑपरेशन थिएटर झालंय!"

मासे क्षणभर थांबले आणि मग वेड्यासारखे काचेवर आपटायला लागले.

पंपचालक ताडकन उठला. गळ्यात रुमाल तसाच, तोंडातून लाळ. "ओईन! ओईन!" करत बाहेर धावला.

"अहो, बसा! दुखतंय का?" ताई घाबरल्या.

त्यानं टेबलावरचं अपॉइंटमेंटचं कार्ड ओढलं आणि भराभर लिहिलं, 'नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे. मासे जुन्या पाण्यात टाका. आत्ता!'

"तुम्हाला काय माहीत?"

त्यानं खाली दोनच शब्द लिहिले, 'मीच टाकतो.'

जुनं पाणी टबात होतं तेवढं बरं. डॉक्टर हातमोजे घातलेलेच बाहेर आले, तिघांनी मिळून मासे परत टबात नेले. दोन्ही एंजल आणि दोन मॉली सावरल्या. तीन मॉली दुपारपर्यंत गेल्या.

ताई जेवल्या नाहीत. "तीस वर्षं स्वच्छतेनं माणसं वाचवली रे मी," भावाला एवढंच म्हणाल्या आणि डोळे पुसत फाइली लावत बसल्या. डॉक्टरांनी चहा आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पंपचालक दाढेच्या राहिलेल्या कामासाठी आला. आता त्याला बोलता येत होतं.

"ताई, चूक सफाईची नाही, घाईची. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. नवं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. स्पंज टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच खळबळायचा. त्यात चांगले जंतू राहतात, माशांची घाण तेच पचवतात."

"चांगले जंतू?" ताईंनी हे आयुष्यात पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा केला.

"आणि खाणं किती घालता?"

"दुपारी चिमूटभर."

"मी सकाळी घालतो," आतून डॉक्टर.

"मी पण, झाडून झाल्यावर," सफाईवाल्या मावशी म्हणाल्या. "बिचारे तोंडाकडे बघत असतात हो!"

तेवढ्यात वाट बघत बसलेल्या एका आजोबांनी हळूच हात मागे घेतला. टाकीशेजारच्या माशांच्या खाण्याच्या डबीचं झाकण उघडंच होतं.

"झालं!" पंपचालक हसला. "न खाल्लेलं तळाशी सडतं, पाणी तिथूनच बिघडतं. मासा माणूस दिसला की भुकेलाच दिसतो, त्याला फसायचं नाही. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस उपास."

ताईंनी डबी कपाटात कुलूपबंद केली आणि टाकीवर वॉर्डात असतो तसा तक्ता लावला: आहार, तापमान, पाणी बदलल्याची तारीख, सही. मावशींनाही सही करावी लागे.

महिन्याभरात पाणी निवळलं. तिसऱ्या महिन्यात एंजलच्या जोडीनं फिल्टरच्या नळीवर अंडी घातली आणि दोन दिवसांत स्वतःच खाऊन टाकली. ताई इतक्या चिडल्या की त्यांनी आठवडाभर त्या जोडीकडे बघितलं नाही. पुढच्या खेपेला मात्र त्यांनी अंड्यांसकट नळी वेगळ्या भांड्यात ठेवली. टाचणीच्या डोक्याएवढी अकरा पिल्लं जगली.

ताईंनी पंपचालकाला फोन लावला. "यांना काय घालू?"

"ताई, मी फक्त क्लोरीन टाकतो! पिल्लांचं तुम्हीच बघा."

मग ताई स्वतः शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याकडे जाऊन बारीक कोळंबीची अंडी घेऊन आल्या, मिठाच्या पाण्यात बाटलीत उबवली आणि त्यातून निघालेले बारीक जीव ड्रॉपरनं थेंब थेंब भरवायला लागल्या. पिल्लांना दिवसातून चार वेळा लागतं, असं मासेवाला म्हणाला होता.

"ताई, पुढचा पेशंट?" आतून डॉक्टरांनी हाक मारली.

"थांब जरा," ताई भांड्यावरून मान न उचलता म्हणाल्या. "नववं अजून जेवलं नाही."