पाच नंबरचं पुस्तक

पुस्तकं आली ती सुतळीनं करकचून बांधलेली. सात होती. जपानात म्हणे लोक वाचून झालं की गठ्ठा बांधून रस्त्याच्या कडंला ठेवतात आणि रद्दीच्या दिवशी गाडी येऊन उचलून नेती. अशफाक त्या गाडीच्या आधी जायचा. लातूरचा सत्यम त्याच्याच खोलीत राहायचा. तो सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्या बॅगेत घालून अशफाकनं गठ्ठा परळीला बहिणीकडं पाठवला.

सगळी चित्रांची पुस्तकं. प्रत्येकावर पेनानं नंबर टाकलेला, एक ते सात. आत चिठ्ठी, ‘उज्मे, एक संपल्याबिगर दोनला हात लावलास तर याद राख.’

उज्मा सोळाची. डोकं लई गरम. नववीत बाईंनी तिच्या अक्षराला कोंबडीचे पाय म्हटलं, तर हिनं वही टेबलावर आपटली, दप्तर उचललं आणि घरी आली ती आलीच. अब्बांनी, दिलावरभाईंनी, दोन महिने समजावलं. मग ते मोटारी वायंडिंग करायच्या आपल्या दुकानात तिला काउंटरवर बसवायला लागले. तिथं बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्याचं तोंड वाचायची. कुणाची मोटार खरंच जळली आणि कुणाची पोरानं पाण्यात पाडलीय, हे ती मोटार उघडायच्या आधी सांगायची.

अशफाक तिकडं लोखंड ओतायच्या कारखान्यात लागला होता, भट्टीवर. त्याच्या मनात एकच होतं. उज्माला जपानी आली की म्हाताऱ्या माणसांची सेवा करायच्या कामावर तिला तिकडं बोलवायचं.

दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा.

"उलटं धरलंस का पुस्तक?"

"उजवीकडून डावीकडं. कुराण शरीफ वाचलंय मी, मला काय शिकवतो?"

"मग आता शेवटचं पान काढ. खाली कोपऱ्यात तीन अक्षरं हायत. वाच."

"ओ... वा... री."

"ओवारी. म्हणजे संपलं. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी हेच असतं. तिथवर पोचलीस की मला फोन करायचा. त्याच्या आधी रडगाणं न्हाई."

"रडतंय कोण? तूच रडतो तिकडं अम्मीच्या खिचड्यासाठी."

"गप बे."

"पोरीला बे म्हणतो का रे?"

"तू कुठं पोरगी हायस!"

एक नंबर म्हणजे मांजराच्या पिल्लाची गोष्ट. सगळं सोप्या अक्षरात, वीस दिवसांत ओवारी. दोन नंबरला शाळेतल्या पोरी आणि त्यांचे डबे. तीनला बॅट-बॉलचा खेळ. दोनपासून चित्रासारखी किचकट अक्षरं सुरू झाली. पण त्यांच्या अंगाला सोपी, चिमुकली अक्षरं चिकटलेली असायची, कडेवर पोर बसावं तशी. मोठं अक्षर न्हाई आलं तरी कडेवरचं पोर वाचलं की आवाज कळायचा. अशफाकनं बजावून सांगितलं होतं, "पाचपर्यंत पोरं हायत. सहा-सात मोठ्या माणसांची पुस्तकं, तिथं कडेवर कुणी न्हाई. घाई करू नको. आणि शब्द अडला तर थांबायचं न्हाई. चित्र बघ, अंदाज बांध, पुढं पळ. थांबलीस की मेलीस."

तिला हे लई पटलं. शाळेत हेच तर चालत नव्हतं. एक शब्द अडला की बाई तिथंच उभं करायच्या. इथं पळायचं. चित्र सांगतंच की.

थर्मलच्या वीजकेंद्राची राख परळीत सगळ्यावर बसती, भांड्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर. उज्मा ओढणीनं कव्हर पुसायची आणि वाचायला बसायची. तीन नंबर निम्मा झाला होता, तेव्हा मंगळवारी सकाळी अभिमन्यू सर दुकानात आले. स्टेशनजवळ त्यांचं ऑफिस होतं, पोरांना परदेशी नोकरीला लावायचं. अशफाकला त्यांनीच पाठवलेलं. चप्पल न काढताच आत आले. उज्मानं त्यांचं तोंड बघितलं आणि तिच्या हातातली कात्री खाली पडली.

"दिलावरभाई, बसा जरा."

"मी बसलेलाच हाय. बोला."

अशफाक भट्टीपाशी चक्कर येऊन पडला होता. उठला न्हाई. तेवीस वर्षाचा.

घर माणसांनी भरलं. अम्मी, मदिनाबी, रडायची, गप व्हायची, पुन्हा एकच विचारायची, "मेरे बच्चे को लाते ना? मिट्टी देने को मिलती ना?" अब्बांना दुसरं काही नकोच होतं. पोराची मय्यत घरी यावी, आपल्या हातानं त्याला आंघोळ घालावी, कब्रस्तानात दादाच्या शेजारी दफन करावं. जागा त्यांनी त्याच दिवशी बघून ठेवली. कबर खोदणाऱ्याला सांगून ठेवलं. रोज संध्याकाळी तिथं जाऊन उभे राहायचे आणि परत यायचे.

गुरुवारी दुपारी अभिमन्यू सर कागद घेऊन आले. कंपनीनं मोबाईलवर पाठवलेला, त्यांनी प्रिंट काढून आणलेला. एकच पान, सगळं जपानी. खाली सहीला जागा.

"पाच वाजायच्या आत सही करून पाठवायचाय. पाठवणीचंच हाय, घरच्यांची संमती."

"तुमी वाचलंय का?" अब्बांनी विचारलं.

"मला नमस्कार-चमत्कारापुरतं येतं हो. पण तिथल्या बाईंनी कळवलंय, घरी पाठवणार म्हणून."

खोलीत वीसेक माणसं. चुलतभाऊ यासीननं फोन बाहेर काढला. "चाचा, फोटो काढला की भाषांतर होतंय. दोन मिनिटं द्या."

"खिशात घाल तो फोन," उज्मा म्हणाली. "मी मेले का?"

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. अभिमन्यू सर हसले. वाईट मनानं न्हाई, पण हसले. "कार्टून वाचून कागद वाचता येतो का, उज्मा? माझ्या क्लासच्या पोरांना वर्ष वर्ष लागतं."

तिच्या कानशिलातली शीर उडायला लागली. अब्बांनी कागद उचलला आणि तिच्या हातात दिला. "पढ बेटा."

कागद पुस्तकासारखा नव्हता. डावीकडून चालत होता. चित्र एकपण न्हाई. अक्षरं दाटीनं बसलेली आणि एकाच्यापण कडेवर पोर न्हाई. तिनं बोट फिरवलं. अशफाक, नाव सोप्या अक्षरात होतं, ते आधी सापडलं. मग ‘घरचे लोक’. दोन नंबरच्या पुस्तकात होतं. मग ‘देश’, मग ‘परत जाणे’. हे तीन नंबरात, खेळणारा पोरगा आपल्या गावी परत जातो तिथं. मधे एक जोडशब्द सारखा येत होता. तीनदा आला. पहिलं अक्षर आग. ते येत होतं, दोन्ही बाजूंनी ठिणग्या उडाल्यासारखं. दुसरं कधी बघितलेलं नव्हतं, वर गवत उगवल्यासारखं आणि खाली गुंतवळ.

आग. भाई भट्टीवर होता. भट्टीचंच काहीतरी असंल. ती थांबली न्हाई. पुढं पळाली.

"घरच्यांची संमती मागतायत," ती म्हणाली. "आणि देशात परत पाठवणार, असं लिहिलंय."

"बघा, मी काय म्हणत होतो," सर म्हणाले.

"सगळं वाचलंस ना?" अब्बांनी विचारलं. "काही सुटलं न्हाई ना?"

त्या शब्दावर तिचं बोट अजून होतं. सर बघत होते. यासीन फोन हातात धरून बघत होता.

"सगळं वाचलं," उज्मा म्हणाली.

अब्बांनी उर्दूत सही केली, हळूहळू, लग्नाच्या कागदावर करतात तशी. एक प्रत घडी करून दुकानाच्या गल्ल्याखाली ठेवली.

भेटायला येणाऱ्या बायांनी घर भरलेलं असायचं. उज्माला कुणी डोक्यावरून हात फिरवला की चावावंसं वाटायचं. ती गच्चीवर टाकीच्या सावलीत जाऊन बसायची आणि वाचायची. तीनचं उरलेलं संपवलं. ओवारी. फोन करायला कुणी नव्हतं. मग चार काढलं. चारमधे नुसती मारामारी, गुंडांच्या दोन टोळ्या, पानापानावर मर, मेला, मारीन. मरणाचं अक्षर तिथं इतक्यांदा आलं की डोळे मिटले तरी दिसायचं. सोमवारी सांजंला चार संपलं.

मंगळवारी सकाळी तिनं पाच उघडलं.

एका पोरीचा आजा मरतो. दुसऱ्याच प्रकरणात. घरची माणसं काळे कपडे घालून गाडीत बसतात, गाडी एका मोठ्या इमारतीपाशी थांबती. इमारतीच्या पाटीवर तोच शब्द होता. आग, आणि त्याच्या शेजारी ते गवताचं अक्षर. आता ती गुंतवळ सुटली. वर गवत, आणि मधे चारमधलं मरणाचं अक्षर. गवताखाली झोपवलेलं मेलेलं माणूस. म्हणजे दफन, तिला क्षणभर बरं वाटलं, दफनच की. पण पुढं आग होती. कडेवरचं पोर म्हणत होतं, ‘कासो’.

तिनं पान उलटलं. लोखंडी दार, त्यात पेटी आत सरकतीय. पुढचं पान. ट्रेवर हाडं. घरची माणसं दोन्हीकडं उभी आणि लांब काड्यांनी एकेक हाड उचलून बरणीत ठेवतायत. बरणी पोरीच्या मांडीवर, गाडी परत घरी.

परत पाठवणार. खोटं काहीच नव्हतं लिहिलेलं.

चप्पल घालायचं राहिलं. स्टेशनपर्यंत ती अनवाणी पळाली. अभिमन्यू सर फोनवर होते, तिनं फोन त्यांच्या कानापासून ओढला.

"जाळायचा कागद हाय त्यो! भाईला जाळायची संमती! थांबवा!"

"काय बोलतीस?"

तिनं पुस्तक त्यांच्या टेबलावर आपटलं. ते चित्र. ती हाडं. खुर्चीतले सर एवढेसे झाले. "मला... आईशप्पत मला न्हाई माहीत. ती बाई बॉडी म्हणाली का काय म्हणाली... मी समजलो..."

"कंपनीला फोन लावा!"

"हिंदी बोलणारी बाई सुट्टीवर हाय. सकाळपास्नं मेसेज बघितला न्हाई तिनं."

"मग कंपनीतच लावा. मी बोलते."

नंबर लागला. तिकडं दुपार झाली होती. एका माणसाचा आवाज आला, मऊ, म्हातारा. उज्माला पुस्तकातलं जेवढं येत होतं तेवढं सगळं एकदम तोंडात आलं. चार नंबरातले गुंड ओरडतात तशी ती ओरडली, "मात्ते! मात्ते!" थांबा, थांबा. मग "अशफाक! आनी!" माझा भाऊ. "हि, दामे! हि, दामे!" आग नको. आग नको.

मग तो माणूस बोलायला लागला. लांबलचक, सावकाश, अदबीनं. पुस्तकात माणूस बोलतो तेव्हा त्याचं तोंड दिसतं, हात दिसतात, घाम दिसतो. इथं नुसता आवाज होता. चित्र नव्हतं. अंदाज कशाचा बांधायचा? अशफाक-सान, असं त्यानं म्हटलेलं कळलं. मग ‘किनो’. काल. आणि शेवटी एक शब्द. तिला वाटलं चुकीचा ऐकला. त्यानं तिच्यासाठी परत, अजून सावकाश म्हटला.

"ओवारीमाश्ता."

मांजराच्या पिल्लाच्या शेवटच्या पानावर, खाली कोपऱ्यात, तीन अक्षरं. हा शब्द तिला सगळ्यात आधी आलेला.

"काय म्हणतोय गं?" सरांनी विचारलं. तिनं फोन टेबलावर ठेवला. आतून आवाज अजून येत होता.

अब्बा दुकानात होते. आज आठ दिवसांनी पहिल्यांदा त्यांनी शटर उघडलं होतं. मांडीवर मोटार, हातात तांब्याची तार, एकेक वेढा मोजून बसवत होते. तिच्या पायाकडं त्यांचं लक्ष गेलं. अंगठ्यातून रक्त येत होतं.

"अब्बा, कबरवाल्याला सांगा, एवढी मोठी खोदू नको."

"कावून?"

तिनं सांगितलं. उभ्यानंच. कासो म्हणजे काय ते सांगितलं, काल झालं ते सांगितलं, बरणीत घालून पाठवतील ते सांगितलं. शब्द तीनदा आला होता आणि तिन्हीदा मी पुढं गेले, हेपण सांगितलं. यासीनला फोन खिशात घालायला लावला, ते सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं.

अब्बांच्या हातातली तार सैल झाली आणि बसवलेले सगळे वेढे भसकन उलगडले. त्यांनी मोटार मांडीवरून खाली ठेवली.

"तू म्हणालतीस, सगळं वाचलं."

"हो."

"मी दोनदा विचारलं."

"हो अब्बा."

ते मारतील असं तिला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी गल्ला सरकवला, घडी घातलेला कागद काढला आणि काउंटरवर पसरला. दोन्ही हातांनी घड्या सरळ केल्या.

"घरी जाऊन तुझ्या अम्मीला सांगायचंय मला. आता नीट वाच. पळायचं न्हाई."

उज्मानं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. ओढणीनं डोळे पुसले, परत बोट ठेवलं.

"हे येत न्हाई," ती म्हणाली. "हे येत न्हाई. हे भाईचं नाव. हे येत न्हाई. घरचे लोक. हे येत न्हाई."

अब्बा तिच्या बोटाकडं बघत होते. बोट पुढं सरकलं आणि थांबलं.

"हे येतं," ती म्हणाली.