वरून एक मूठ

चाकाचा बोल्ट तुटला तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. पंक्चर झालं म्हणून माझ्या नवऱ्यानं, अश्वजितनं, घरीच स्टेपनी लावली, आणि चक्क पान्यावर उभा राहून नट कसला. बरं झालं, गाडी अंगणातच होती. मिस्तरीनं नवा बोल्ट बसवून दिला आणि बजावलं, "घरीच करायचं असन तर टॉर्कचा पाना घ्या. जोर किती लागला ते त्यालेच कळते."

उद्या दिघोरीला, माहेरी जायचंय. आईच्या डोळ्यावरची मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी सुटली. शाक्याला, माझ्या लेकीला, तिनं आजवर धुक्यातूनच पाहिलंय. आता नीट पाहील. आणि माझी पोर त्याच चाकावरून जाणार, जे पंक्चर काढून आणलंय आणि आज अश्वजित परत लावणार.

पाना घ्यायला निघताना सासूबाई शेजारच्या ललिताबाईंना तांदूळ मोजून देत होत्या. पायली भरली, शीग चढली, तरी वरून एक मूठ टाकलीच.

"मोजूनच देल्लं तं देल्लं काय?" सासूबाई म्हणाल्या.

भंडाऱ्यात दुकानदार भय्याजींनी आधी छोटा पाना दाखवला. तो स्कूटीच्या कामाचा, चाकाच्या नटाला पुरणार नाही म्हणाले. मग लांब दांड्याचा काढला. "आकडा लावून ठेवा, तेवढा जोर झाला का 'कट्' वाजते. सगळे हाच नेतात."

बाकड्यावर एक नट पक्का बसवलेला होता. अश्वजितनं ओढून पाहिलं. कट्! माझ्या कडेवरची शाक्या खुदकन हसली. आणि अश्वजितनं वरून अजून एक हिसका दिला.

हुबेहूब सासूबाईंची मूठ!

"भय्याजी, दुसरा कोणता आहे?"

त्यांनी घड्याळासारखी तबकडी असलेला पाना काढला. काटा फिरतो, जोर दिसतो.

"हा द्या."

"काहून? मले आयकू नाही येत काय?" अश्वजित चिडला.

"आयकू येते. थांबता नाही येत तुमाले."

भय्याजी हसले. अश्वजितनं फणकाऱ्यानं पैसे दिले.

अंगणात चाक लावून झालं. जॅक उतरवला. अश्वजित पाना ओढू लागला, मी तबकडीशी उकिडवी बसले. काटा गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर आला की म्हणायचं, "बस." प्रत्येक वेळी त्याचा हात हिसका द्यायला शिवशिवायचा.

"वरून थोडंसं?"

"एक दाणा नाही."

शेवटच्या नटाला त्यानं पाना माझ्याच हाती दिला. "ओढ आता तूच. पाहू कशी थांबतं."

शाक्याला त्यानं घेतलं. मी ओढलं. डोळ्यांपुढं उद्याचा रस्ता, वळणं, मागच्या सीटवर ती. काटा आकड्यावर आला, आणि अजून जरासं, तिच्यासाठी, म्हणून माझा हात पुढं गेलाच.

"बस! बस म्हटलं न!" अश्वजित ओरडला, मग खो खो हसायला लागला. "माय, पाहा तुई सून! मूठ टाकली तिनं!"

सासूबाई दारात आल्या. "मंग? माप देऊन रायली का पोटच्या पोरीले?"

मला हसू आलं, डोळेही भरले. नट ढिला केला, पुन्हा लावला. या वेळी काट्यावरून नजर हलवली नाही. आकडा आला.

मी हात काढून घेतला.