बटनावर कोण बसलंय?

समाजमंदिरात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांना माणसं लटकली होती आणि सगळ्यांची नजर एका मोबाईलवर होती. मोबाईल पितळेच्या ताटलीत निजवलेला, भोवती हळद आणि लिंबं, आणि समोर हरिओम महाराज. महाराजांनी कडुनिंबाचा डहाळा मोबाईलवरून उतरवला, डोळे पांढरे केले आणि घशातून असा काही आवाज काढला की पुढच्या रांगेतलं एक लेकरू आईच्या पदरात शिरलं.

"बटन दिसतंय का?" महाराजांनी विचारलं.

"दिसतंय की," मनकर्णाबाई म्हणाल्या. महिला बचत गटाच्या त्या अध्यक्ष, आणि मोबाईलही त्यांचाच.

"दाबून दमल्या का?"

"लई दमलो, महाराज."

"दिसतंय, पर दबत न्हाई. कावून? कारन बटनावर बसलंय कोनीतरी. तुमाला दिसत न्हाई, मला दिसतंय. तुमचं बोट बटनाला लागतच न्हाई, त्याच्या पाठीला लागतंय."

मग महाराजांनी मोबाईल उचलला, दोन्ही हातांनी आडवा धरून देवाचा टाक दाखवावा तसा गर्दीला दाखवला, अंगठा अंगाऱ्यात बुडवला आणि 'खरेदी करा' या बटनावर टेकवला. पान उघडलं. नाव, गाव, पत्ता लिहा, असं आलं. बायकांनी हात जोडले. कोणीतरी नारळ फोडला.

माझं सरकी-पेंडीचं दुकान समाजमंदिराच्या समोरच आहे. पोत्याला हात लावला की आत पेंड किती आणि माती किती, हे मला कळतं. माणसांच्या बाबतीतही ही खोड जात नाही. महाराजांच्या पोत्यात मला माती जास्त लागली, पण अंगठा लागला आणि पान उघडलं हेही माझ्या डोळ्यांनीच पाहिलं होतं. त्यामुळे गप्प उभा राहिलो.

आमची वस्ती दिंद्रुडच्या पुढची, मेंढपाळांची. बायका हातमागावर घोंगड्या विणतात. गटाने इंटरनेटवर घोंगड्यांचं दुकान काढलं होतं. परळीच्या परमेश्वर नावाच्या पोराने वेबसाईट बांधून दिली आणि पुण्या-नाशकाची गिऱ्हाइकं घरबसल्या येऊ लागली. मग एक दिवस बटन मुकं झालं. गिऱ्हाइकांचे फोन येऊ लागले, की घोंगडी दिसते, बटन दिसतं, दाबलं की काही होत नाही. परमेश्वरला विचारलं तर तो आपल्या कॉम्प्युटरवर बघायचा आणि म्हणायचा, "इथं तर चालतंय."

एवढं पुरे झालं. परळीत चालतं आणि वस्तीवर चालत नाही, म्हणजे दोष वस्तीतच; पुण्या-नाशकातही चालत नाही, हे कोणी मनावर घेतलं नाही. आणि वस्तीतला दोष काढायला मग महाराज आणले गेले.

नारळाचे तुकडे वाटून झाल्यावर महाराज म्हणाले, "आज उघडलं, पर ते पुन्ना बसनार. बसवनारा घरातलाच हाय. दुकानात सगळ्यात वर कोनाची घोंगडी दिसती?"

"छबुबाईची," दोघी-तिघी एकदम म्हणाल्या.

"करनी तिच्या मागात हाय. उद्या अमावास्या. दिवस बुडायच्या आत माग जाळायचा आन् ती बाई गटातून भाईर."

आता माझा हिशेब सांगतो. असे महाराज मी पुष्कळ पाहिले. ते नाव कधी आभाळातून काढत नाहीत. ज्याच्या मागे कोणी उभं राहणार नाही, तेच नाव नेमकं त्यांच्या तोंडी येतं. छबुबाई विधवा. लेक सासरी, घर वस्तीच्या टोकाला, आणि जीभ सरळ. मागच्या महिन्यात तिने मनकर्णाबाईंना तोंडावर सांगितलं होतं की तुमची वीण ढिली पडते. तिच्याऐवजी पुढारी सुंदररावांच्या बायकोचा माग जाळा, असं एखाद्या महाराजाने सांगितलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

संध्याकाळी छबुबाई दुकानात आली. हाताला घोंगडीला लावायच्या चिंचोक्याच्या खळीचा वास, तोच तिचा नेहमीचा.

"आसारामभाऊ, तुमी व्हता ना तिथं?"

"होतो."

"मंग बोल्ला का न्हाई?"

मी पेंडीच्या पोत्याचं तोंड उगाचच बांधत राहिलो.

"सासऱ्याचा माग हाय त्यो," ती म्हणाली. "त्यो जाळला तर मी हातानं काय करू? मला दुसरं काय येतंय? आन् करनीच करायची तर सोताच्याच घोंगडीवर करीन व्हय मी? मनकर्णाच्या बटनावर न्हाई करनार?"

हे मात्र मला मोजून बरोबर वाटलं. मी दुकान पोरावर टाकलं आणि तिला घेऊन शाळेतल्या विज्ञानाच्या सुकन्या मॅडमकडे गेलो. मॅडम मूळच्या धर्मापुरीच्या. बोलतात कमी, विचारतात जास्त. त्यांनी आपल्या मोबाईलवर दुकान उघडलं, बटन दाबलं. मुकं.

"हे बंद कधीपासून पडलं?"

"सुंदररावांच्या वाढदिवसापासून," छबुबाई म्हणाली. "सकाळी चालू व्हतं. दुपारी पेढे वाटले तवापासून बंद."

"त्या दिवशी वेबसाईटवर काही नवीन टाकलं का?"

छबुबाईने माझ्याकडे पाहिलं, मी मोबाईलकडे. पानाच्या तळाला डाव्या कोपऱ्यात हात जोडून उभे होते आमचे पुढारी सुंदरराव, मनकर्णाबाईंचे यजमान. शुभेच्छांचा बॅनर. चौकात लावला, ट्रॅक्टरवर लावला, मग घोंगड्यांच्या दुकानाने काय पाप केलं होतं?

मॅडम बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "महाराजांनी मोबाईल कसा धरला होता?"

मी हाताने करून दाखवलं. मॅडमनी तसाच धरला, बटन दाबलं आणि पहिल्यांदाच हसल्या. काय कळलं ते मात्र सांगेनात. "उद्या सगळ्यांसमोर," एवढंच.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा माग उखडून समाजमंदिरासमोर आणला होता. लाकडं नुसती एकावर एक. बाजूला रॉकेलचा डबा. छबुबाई त्या लाकडांशेजारी खाली बसली होती आणि तिच्यापासून दोन हात लांब सगळं गाव.

"महाराज," सुकन्या मॅडम म्हणाल्या, "जाळण्याआधी एकदा बटन उघडून दाखवा. हा माझा मोबाईल. यावरही तीच वेबसाईट आहे."

महाराजांसमोर गर्दी होती, हाताशी डहाळा होता, अंगारा होता; नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी मोबाईल घेतला, उतरवला, आडवा धरला. पडद्यावरचं पान मात्र फिरलं नाही, मान मोडून बघावं लागेल असंच राहिलं. अंगठा टेकवला. काही नाही. पुन्हा टेकवला. मग मोबाईल हलवला, घड्याळ बंद पडल्यावर हलवतात तसा.

"मोबाईल बाटलेला हाय," महाराज म्हणाले. "कोनाचा हात लागलाय?"

"माझाच," मॅडम म्हणाल्या. "पडदा फिरू नये म्हणून एक खटका असतो, तो मी लावलाय. आता काढते." त्यांनी तो काढला आणि मोबाईल छबुबाईच्या हातात दिला. "मावशी, आडवा धरा. मंत्र नको. आता दाबा."

छबुबाईने पदराला बोट पुसलं आणि दाबलं. पान उघडलं.

मागची माणसं पुढे सरकली. करणी जिची म्हणत होते, तिच्याच बोटाने उघडलं होतं.

"आता उभा धरा आणि दाबा."

मुकं. आडवा, चालू. उभा, बंद. मॅडमनी मनकर्णाबाईंना करायला लावलं, मग मला. मी पेंडवाला, माझ्या अंगात कुठली सिद्धी? तरी उघडलं.

मग मॅडमनी माझ्या दुकानातून पारदर्शक प्लास्टिक आणि गुळाचा खडा मागवला. खडा पायरीवर ठेवला, वरून प्लास्टिक अंथरलं. "गूळ दिसतोय?"

"दिसतोय."

"बोट लावा."

मनकर्णाबाईंनी लावलं. बोट प्लास्टिकला लागलं.

"बटनाचं हेच झालंय. त्यावर एक चित्र पसरलंय. चित्राची एक कड दिसते, बाकीचा भाग असा, या प्लास्टिकसारखा. आपलं बोट त्या न दिसणाऱ्या भागाला लागतं, खाली पोचतच नाही. मोबाईल आडवा केला की पान रुंद होतं, चित्र डावीकडेच राहतं आणि बटन मोकळं होतं. परमेश्वरच्या कॉम्प्युटरचा पडदा मुळातच रुंद, म्हणून त्याच्याकडे चालत होतं. वस्तीच्या मातीत काही नाही."

"चित्र कोनाचं?" मागून कोणीतरी विचारलं. विचारायची गरज नव्हती. सगळी मुंडकी सुंदररावांकडे वळली होती.

सुंदरराव म्हणाले, "म्हंजे बटनावर मी बसलतो?"

"अन् माज्या बोटाला ह्यांची पाठ लागत व्हती," मनकर्णाबाई म्हणाल्या. सगळ्यांत आधी त्याच हसल्या.

मॅडमनी परमेश्वरला फोन लावून स्पीकरवर टाकला. "तो वाढदिवसाचा बॅनर काढ."

"मॅडम, साहेबांना विचारावं लागंल."

"काढ बाबा," सुंदरराव म्हणाले. "वाढदिवस होऊन गेला कवाच."

बॅनर गेला. छबुबाईने मोबाईल उभा धरून दाबलं. उघडलं.

महाराजांनी तोवर डहाळा खाली ठेवला होता. "मी म्हनलोच व्हतो, कोनीतरी बसलंय म्हनून."

"म्हनला व्हता," छबुबाई म्हणाली. "पर त्याचा बॅनर काढायला न्हाई सांगितलं. माजा माग जाळायला सांगितलं."

"मोबाईल आडवा केला की चालतं, हे तुम्हाला आधीच सापडलं असणार," मॅडम त्यांना म्हणाल्या. "ते सांगितलं असतं तर आम्ही तुमचे आभार मानले असते. एखाद्या बाईवर करणीचा आळ घेऊन तिला त्रास देणं आपल्या राज्यात गुन्हा आहे, हेही माहीत असेल तुम्हाला." महाराजांना माहीत असावं. कारण त्यांची मोटारसायकल पहिल्याच किकला सुरू झाली.

छबुबाईची माफी कोणी मागितली नाही. आमच्याकडे माफी मागत नाहीत, कामाला लागतात. ज्यांनी माग उखडला होता, त्याच बायकांनी लाकडं उचलून परत नेली आणि बांधायला घेतली. मनकर्णाबाईंनी एक दोरी आवळली. छबुबाईने बघितलं आणि म्हणाली, "ढिली हाय. सोडा, पुन्ना बांधा." मनकर्णाबाईंनी सोडली आणि पुन्हा बांधली.

मी रॉकेलचा डबा दुकानात आणून ठेवला. कोणी न्यायला आलं नाही.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो. पंप बंद पडेल, मेंढरू आजारी पडेल, बटन दबणार नाही. तेव्हा गावात एक प्रश्न आपोआप उठतो, की हे कोणी केलं? तो प्रश्न उठला की उत्तर म्हणून कोणीतरी छबुबाई सापडतेच, आणि डबा घेऊन यायला माणसंही सापडतात. त्याआधी दुसरं विचारा. चालू होतं तेव्हापासून आतापर्यंत इथे काय बदललं? हे विचारायला अंगारा लागत नाही. आणि बदललेली गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हात जोडून उभी असली, तरी विचारा.