फुकटचा महिना

थोरली जाऊ घरी कापड कापायची, धाकटी दुकानात बसून गिऱ्हाइकांची मापं घ्यायची. दोघींच्या मध्ये होती मापांची जाडजूड वही. ती घेऊन धाकटी रोज संध्याकाळी थोरलीकडे यायची आणि दोन बाह्यांची मापं सांगायला तासभर बसायची.

मग धाकटीनेच एक ऑनलाइन सेवा आणली. दुकानात लिहिलं की क्षणात थोरलीच्या फोनवर हजर, शिवाय गिऱ्हाइकाला ईमेल. पहिला महिना फुकट, पुढे पैसे. तो महिना आज संपत होता आणि सेवा ठेवायची की सोडायची, हे थोरलीने ठरवायचं होतं.

कामात नाव ठेवायला जागा नव्हती. महिनाभरात एकही बाही आखूड झाली नव्हती. पण वही बंद झाली तशी धाकटीही यायची थांबली, आणि थोरलीला काही केल्या करमेना. आता हे कबूल कोण करणार? त्यापेक्षा "कशाला हवीत ही थेरं!" असं ती ज्याला त्याला सांगत सुटली होती.

दुपारी एका कोटाचं माप आलं, मागच्याच गल्लीत राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं. खाली शेऱ्यासाठी मोकळी जागा होती. थोरलीने एकेक अक्षर शोधत लिहिलं, "माप आलं. तू कधी येणार? महिना झाला, तोंड दाखवलं नाहीस. आज आली नाहीस तर बोलणार नाही." बटण दाबलं आणि मोकळी झाली.

पाच वाजता दार वाजलं. दारात मुख्याध्यापिकाबाई, हातात फोन.

"बत्तीस वर्षं शाळा चालवली, पण असा दम मला कुणी दिला नव्हता. आले बरं का. आता बोलणार ना?"

तेवढ्यात बाईंच्या मागून धापा टाकत धाकटी उगवली. "ताई, अहो, शेरासुद्धा गिऱ्हाइकाला जातो!" हसून हसून तिला धड उभं राहवेना.

"आणि तू गं? महिनाभर कुठे होतीस?"

"मला वाटलं, वहीची कटकट गेली, आता उगाच कशाला तुमचं डोकं खायचं?"

"खा की! कुणी अडवलंय?" थोरली म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

मग तिघींचा चहा झाला, बाईंचा तर दोनदा. उठताना धाकटीने हळूच विचारलं, "मग बंद करू ना ती सेवा?"

"खबरदार! वर्षाचे पैसे भर. त्या वहीने तुला एकदा तरी अशी धावत आणली होती का?"