दादाची वेळ

दादाच्या दप्तरात नशेच्या गोळ्या सापडल्या तेव्हापासून आमच्या घरात तो तळहातावरचा फोड झालाय. मी पंधरा वर्षांची आहे, वर्गात पहिल्या पाचांत येते, आणि मला कुत्रं विचारत नाही.

आधी बाबा नुसते ओरडायचे. दिवसभर चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांशी गोड बोलून बोलून त्यांचा गोडवा संपलेला असायचा. आईचं उत्तर ठरलेलं, "नंतर बोलू." ते नंतर कधी यायचंच नाही. मग समुपदेशनाच्या बाईंनी दोघांना शिकवलं म्हणे, की आवाज चढवू नका, उपदेश करू नका, मुलाला काय वाटतंय ते विचारा आणि त्याचं बोलणं पूर्ण होऊ द्या. दोघंही मन लावून शिकले, पण फक्त दादापुरते. रोज संध्याकाळी तिघं बाल्कनीत चहा घेऊन बसतात. ती दादाची वेळ. त्या वेळात मी भांडी घासते आणि जळते.

गेल्या आठवड्यात मला बास्केटबॉलच्या संघातून काढलं. माझ्या जागी घेतलं कोणाला, तर माझ्याच जिवलग मैत्रिणीला, आणि तिने मला ते सांगितलंसुद्धा नाही. मी सुजलेले डोळे घेऊन घरी आले. आई दाराशीच म्हणाली, "आलीस? बरं झालं. दादा आज जरा गप्प आहे, टीव्ही लावू नकोस." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काल जेवताना मी सांगून टाकलं, "मीपण घेते गोळ्या."

बाबांच्या हातातला पेला तसाच राहिला. आईने खुर्ची माझ्याकडे वळवली आणि तो आवाज काढला, बाल्कनीतला, मऊ. "कधीपासून, बाळा?" बाळा! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी ठोकून दिलं, दोन महिन्यांपासून. बाबा एकदाही मधे बोलले नाहीत. आपण हे आधीच का नाही केलं, असं मला वाटलं. खरंच घ्यायला काय हरकत आहे, हेही वाटलं. वर्गात मागितल्या तर मिळतात.

दादा माझ्याकडे बघत होता. घेतल्यावर काय होतं, असं त्याने विचारलं. मस्त हलकं वाटतं, म्हटलं.

"खोटं बोलतेय," तो आईबाबांना म्हणाला. "हिने घेतलेली नाही."

आईने डोळे मिटून श्वास सोडला. "मला माहीतच होतं. तू शहाणी आहेस, तुझी आम्हाला काळजीच नाही." ती ताटं उचलून आत गेली. बाबांनी अशी चेष्टा करतात का म्हणून चार शब्द सुनावले, आणि तेही उठले. संपली माझी वेळ.

दादा तेवढा बसून राहिला. "काय झालंय तुला?" त्याने विचारलं.

हेसुद्धा त्यालाच जमावं! मला त्याचा इतका हेवा वाटला की रडूच फुटलं. तो उठून गेला नाही.

मग मी संघाचं सांगितलं, मैत्रिणीचं सांगितलं, आणि मला घरात कोणी विचारत नाही हेही सांगितलं. आत आईचा नळ बंद झाला. दादा म्हणाला, "हळू बोल, त्यांना ऐकू जातंय."

मी आवाज आणखी चढवला.