लंडन येईपर्यंत केर नाही

आपला हिशेब कधी चुकत नाही, असं झुंबररावांचं स्वतःचं मत होतं. पोरगा अश्विन नोकरीसाठी लंडनला निघाला, तेव्हा त्यांनी तिकिटाची झेरॉक्स भिंतीला चिकटवली. मुंबईहून रात्री अडीचला सुटणार, लंडनला सकाळी साडेसातला उतरणार. म्हणजे पाच तास. अहो, नाशिक रोडहून मुंबईचं विमानतळ गाठायला जीपला तेवढेच लागतात.

पोरगी संजनाच्या शाळेच्या वेळचा पृथ्वीगोल माळ्यावरून काढून त्यांनी दोऱ्याने अंतरही मोजलं. सात हजार किलोमीटर भरलं. एवढं पाच तासांत कसं कापणार, असं बायकोने, विमलाबाईंनी, विचारलं तर म्हणाले, "वर कसारा घाट आहे का? द्वारकेचा सिग्नल आहे का? रस्ता मोकळा."

आता विमलाबाईंची पद्धत अशी, की घरचं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत केर काढायचा नाही. आणि नेमकं त्याच सकाळी अकराला संजनाला बघायला दिंडोरीहून पाहुणे यायचे होते. पोरीला मुलगा फोटोतच मनापासून आवडला होता. आदल्या दिवशी अश्विनला निरोप द्यायला आख्खी कॉलनी येऊन शेंगा खाऊन गेली होती, टरफलं घरभर.

"साडेसातला उतरेल, लगेच फोन करेल, आठला घर चकाचक," झुंबररावांनी सांगून टाकलं.

आठ वाजले, नऊ वाजले, फोन मुका. संजना रडकुंडीला आली. "आई, काढू दे ना केर."

"भाऊ आभाळात आहे तुझा," विमलाबाई म्हणाल्या.

झुंबरराव दर पाच मिनिटांनी रिसीव्हर उचलून बघत होते. तोंडाने मात्र लाइन लागत नसेल, लाइन लागत नसेल, हेच चाललं होतं.

अकराला पाहुणे आले. टरफलं पायाखाली करकरली. मुलाच्या आईने, भागीबाईंनी, सगळीकडे नजर फिरवली. झुंबररावांनी घाम पुसत सगळी हकीकत सांगितली. मुलगा दिनेश उठून भिंतीवरचं तिकीट वाचू लागला.

"काका, हे साडेसात तिथले. तेव्हा आपल्याकडे बारा वाजतात. प्रवास साडेनऊ तासांचा आहे."

"विमान एकच, मग घड्याळं दोन कशाला?" झुंबरराव चिडले खरे, पण आतून त्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी संजनाला दिनेशच्या बशीत आणखी पोहे वाढायला लावले.

साडेबाराला फोन आला. अश्विन सुखरूप पोचला होता. विमलाबाईंनी डोळे पुसले, दारामागची केरसुणी घेतली आणि पाहुण्यांदेखत झाडायला लागल्या. "ताई, जरा पाय वर घ्या हो."

भागीबाईंनी दोन्ही पाय वर घेतले. संपलं आपलं लग्न, असं संजनाला वाटलं.

पाहुणे निघाले, तेव्हा त्यांनीही शेंगा खाऊन टरफलं टाकलेली होतीच. संजना केरसुणीकडे वळली, तर विमलाबाईंनी ती हातातून काढून घेतली. "थांब. त्यांना घरी पोचू दे. ताई, पोचल्याचा फोन करा बरं का, तोवर केर तसाच."

भागीबाईंनी एकदा टरफलांकडे, एकदा केरसुणीकडे बघितलं आणि चपला घातल्या.

संध्याकाळी फोन वाजला. झुंबररावांनी घाबरतच उचलला.

"पोचलो," भागीबाई म्हणाल्या. "काढा आता केर. आणि पोरगी आमची."

झुंबररावांनी विमलाबाईंना हातानेच झाडायची खूण केली. मग हिशेब पक्का असावा म्हणून त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्या दिंडोरीत आत्ता किती वाजलेत?"