बाईंचाच हात

शिंपीमास्तरांच्या खांद्यामागची गाठ बोटांना नुकती सापडली होती, तोच माझ्या अंगठ्याने दगा दिला. कळ थेट कोपरापर्यंत गेली. मास्तर पालथे पडलेले, तोंड पलंगाला पाडलेल्या भोकात. त्यांना खालची फरशी तेवढी दिसत होती.

"थांबलात का, बाई?"

"तेल घेतेय. जरा दम धरा."

मला मालिशवाली म्हटलेलं खपत नाही. मालिश कुणीही करतं. मी दुखणं बोटांनी हुडकते, त्यावर दाब देते आणि ते सैल पडेपर्यंत हटत नाही. उभी हयात या अंगठ्याच्या जोरावर काढली. आता डॉक्टर म्हणतात, सांधा झिजलाय, काम थांबवा. थांबायला माझी ना नाही, लेक माझ्या हाताखाली तयार झाली आहे. पण गिऱ्हाइकं तिला अंगाला हात लावू देतील तर शपथ. मी सगळ्यांची 'बाई' आणि ती नुसती 'पोरगी'. जो तो म्हणतो, बाईंचाच हात हवा. सकाळीच तिने मला सुनावलं होतं, "आई, माझ्याकडे कुणी येणारच नसेल तर मी दुकानातली नोकरी धरते. तूही ही खोली बंद कर." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आता तिने माझा चेहरा पाहिला, खांद्यावरचा टॉवेल खुर्चीवर टाकला आणि मला कोपराने बाजूला सारलं. सख्ख्या आईला.

तिने घाई केली नाही. नुसता तळवा ठेवला, मास्तरांचा श्वास सुटायची वाट पाहिली आणि मग अंगठा उतरवला. ही श्वासाबरोबर उतरायची रीत तिची स्वतःची. माझी रीत सरळ भिडायची. वेळ घालवतेस म्हणून मी तिला कितीदा बोलले होते. मी त्या टॉवेलला हात पुसले, मास्तरांच्या डोक्याशी उभी राहिले आणि तोंड चालू ठेवलं.

"मान मोडून शिवू नका म्हटलं तर ऐकता कुठे तुम्ही?"

"कापड वर येत नाही ना बाई, मलाच खाली वाकावं लागतं. हां... तिथंच. आज काय हात लागलाय तुमचा. तुमच्या पोरीला हे सात जन्मांत जमायचं नाही."

लेकीने ओठ दाबून हसू आवरलं. माझा ऊर अभिमानाने भरून आला होता, आणि खोटं कशाला बोलू, थोडं झोंबलंही होतं.

गाठ सुटली ते मला हात न लावता कळलं. मास्तरांचा वर चढलेला खांदा अलगद पलंगाला टेकला. ते उठून बसले, चष्मा लावला, मान दोन्हीकडे फिरवून पाहिली. मग त्यांना लेकीचे हात दिसले, मनगटापर्यंत तेलाने माखलेले. माझे कोरडे ठणठणीत.

त्यांनी सदऱ्याची बटणं एकेक करून लावली. दारापाशी जाऊन वळले.

"बाई, पुढच्या मंगळवारी येऊ का?"

"या की," मी सवयीने म्हणाले.

पण मास्तर माझ्याकडे बघत नव्हते.

"या," लेक म्हणाली. "फक्त जेवून लगेच येऊ नका."

मी खुर्चीवरचा टॉवेल उचलला आणि त्याची घडी घालायला घेतली. पुढचं गिऱ्हाईक येण्याआधी बाईंना हात पुसायला तो लागणार होता.